डावा क्रँक

(पान्याची कामाची खोली. सायकल टेबलाला टेकवून उभी केलेली. आत्या सीटवर बसली आहे.)

आत्या: थांब, ढकलू नकोस. पायच फिरत नाहीये माझा.

पान्या: नवीन ग्रीस आहे आत्या, सुरुवातीला जड जाणारच. जरा फिरव, मग बघ कशी लोण्यासारखी चालते.

आत्या: ग्रीसचं मला शिकवू नकोस. उजवा पाय फिरतोय ना? डावाच वर येऊन अडतोय. अजून जोर लावला तर गुडघ्याचे तुकडे होतील. काय केलंस तू हिला?

पान्या: काय केलं म्हणजे? सगळं केलं. माझ्या एकूण एक सुट्ट्या हिच्यावर गेल्या. पुढच्या चाकाचा चिमटा वाकलेला, तो सरळ केला. चाकं उघडून एकेक तार परत ओवली. मडगार्डचे पोचे काढले. मित्र म्हणत होते, भंगारात घाल, एवढ्या कष्टात नवी येईल. मी म्हटलं गप बसा, माझ्या आत्याची आहे. आणि तू बसल्या बसल्या तोंड वाकडं करतेस.

आत्या: रंग सुरेख दिलायस. चाकंही छान फिरतायत. आता डाव्या पायडलाचं बोल.

पान्या: त्याचं काय? पायडलांचे दांडे बदलले, क्रँकची नवी जोडी बसवली. म्हणजे नवी नाही, जुनीच, पण न वापरलेली. याच कंपनीची. किती जणांच्या हातापाया पडलो ती मिळवायला.

आत्या: आणि माझा क्रँक?

पान्या: तो कसला क्रँक. कुणीतरी वाट लावली होती त्याची. टोकाला पायडलाचं भोक होतं ते बुजवलेलं, आणि त्याच्या आतल्या बाजूला दुसरंच भोक पाडलेलं. एक पायडल टोकाला, एक आत. अशी सायकल असते का कुठे? मी जुना फोटो समोर ठेवून काम केलंय आत्या. कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती, अगदी तशी.

आत्या: कंपनीला माझा गुडघा माहीत होता का?

पान्या: म्हणजे?

आत्या: म्हणजे हा बघ. एवढाच वाकतो. तुझ्या जन्माच्या आधी ऑपरेशन झालंय. पायडल आत होतं म्हणून पाय कमी वर यायचा. कमी वर यायचा म्हणून फिरायचा. ती चूक नव्हती बाळा, ते माझं माप होतं.

पान्या: पण तू लंगडत नाहीस. मला कसं कळणार?

आत्या: सायकल चालवते म्हणून लंगडत नाही. कळणार नव्हतं तर विचारायचं. तोंड होतं ना? फोन होता ना? मी काय चंद्रावर गेले होते?

पान्या: विचारलं की मी.

आत्या: मला नाही विचारलंस.

पान्या: बाबांना विचारलं. क्रँक हातात घेऊन वर गेलो, म्हटलं, हे असं का आहे? ते म्हणाले, कुणीतरी चुकून केलं असेल, टाकून दे, जोडी बसव.

आत्या: कोण म्हणालं?

पान्या: बाबा.

आत्या: माझ्या भावाने तो क्रँक हातात धरला आणि म्हणाला, चुकून केलं असेल?

पान्या: हो. जरा उलटासुलटा केला आणि परत दिला. का? आत्या, अशी काय बघतेस?

आत्या: बोलाव त्याला खाली.

पान्या: आधी सांग तरी.

आत्या: बोलाव.

पान्या: बाबा. ओ बाबा, खाली या जरा. आत्या बोलावतेय.

बाबा: आलो आलो. अरे वा, काय चमकतेय. ताई, बघितलंस ना पोराचं काम? लोक विकत मागतील. आता हिला धूळ लागू द्यायची नाही.

आत्या: लेथवाल्याकडे कोण गेलं होतं रे?

बाबा: कुठला लेथवाला?

आत्या: प्लॅस्टर निघालं तरी माझा पाय वाकत नव्हता, रडत होते की आता सायकल सुटली. तेव्हा क्रँक पिशवीत घालून लेथवाल्याकडे कोण गेलं? तो म्हणाला हे होणार नाही, तर त्याच्या दारात बसून कोणी करून घेतलं?

बाबा: मी.

पान्या: बाबा, तुम्ही? तुम्हीच केलं होतं ते?

बाबा: तू मध्ये पडू नकोस.

पान्या: मध्ये कसा पडू नको? मला म्हणालात चुकून केलं असेल. मी तिच्यासमोर आत्ता त्या माणसाला नावं ठेवत होतो. मी मूर्खासारखा जोडी शोधत हिंडलो आणि तुम्ही रोज विचारत होतात, मिळाली का, मिळाली का.

आत्या: मिळायची घाईच होती त्याला.

बाबा: ताई, तू आता त्या वयाची राहिली नाहीस.

आत्या: वय माझं आहे. मला ते माहीत आहे.

बाबा: गेल्या वर्षी अनोळखी माणसाचा फोन आला मला. तुमच्या बहिणीला लागलंय, एवढं म्हणाला आणि कट.

आत्या: कोपर खरचटलं होतं. ट्रकचा वारा लागला, खड्ड्यात गेले, उठले.

बाबा: ते मला तिथे पोचल्यावर कळलं. गाडी चालवताना नाही. गाडी चालवताना मी काय काय बघितलं ते तुला नाही सांगू शकत.

आत्या: मग ते सांगायचं होतंस. भांडायचं होतंस माझ्याशी. आपण काय पहिल्यांदा भांडलो असतो?

बाबा: तुझ्याशी भांडून आजवर कोण जिंकलंय?

आत्या: म्हणजे हरायला नको म्हणून हे केलंस. पोराच्या हातून. मी सीटवर बसेन, पाय फिरणार नाही, मी समजेन गुडघा गेला, आणि गुपचूप उतरेन. हेच ठरवलं होतंस ना? मला वाटावं की माझंच शरीर संपलं.

बाबा: असं नव्हतं वाटलं मला.

आत्या: असंच होणार होतं. आत्ता पहिल्या झटक्याला मला तेच वाटलं. वाटलं, संपलं. परवा सकाळी माझी मैत्रीण, ती नर्सबाई, सायकल घेऊन दारात उभी राहील. जन्मभर दुसऱ्यांची आजारपणं काढली तिने, आता कुठे सुटलीये. आठवडाभर समुद्राच्या कडेने जायचं ठरलंय आमचं. तिला काय सांगणार होते मी?

पान्या: आणि हॉलमध्ये भिंतीला ते दोन मोठे हुक मारलेत, ते हिच्यासाठी?

बाबा: छान दिसली असती.

आत्या: मला टांगायला तिसरा हुक मारला नाहीस का?

पान्या: मला वाटलं होतं मी हिला चालती करतोय. शोभेची वस्तू करायची होती तर मला तसं सांगायचं. मी हातच लावला नसता.

बाबा: म्हणूनच नाही सांगितलं.

पान्या: हे तुम्ही वर तोंड करून सांगताय?

आत्या: बास. जुना क्रँक आण. याची कॉटरची खीळ काढ, तो बसव.

पान्या: नाहीये आत्या. भंगारवाल्याला दिला. त्याचा सगळा माल भट्टीत जातो.

आत्या: मग यालाच भोक पाड.

पान्या: याला? न वापरलेला आहे गं. जोडी आहे ती.

आत्या: माझे पाय जोडीचे नाहीत.

पान्या: बरं. लेथवाल्याकडे उलटे आटे पाडायचा टॅप असेल, डाव्या बाजूला तोच लागतो. पण भोक नेमकं कुठे होतं ते मी मोजलंच नाही. चूक समजून फेकताना कोण मोजतं? तुला माहीत आहे?

आत्या: मी कशाला मोजू? माझा पाय रोज त्यावरच असायचा.

पान्या: मग पायडल काढतो. हळू. आता क्रँकवरच पाय ठेव, मी हाताने फिरवतो. दुखलं की सांग. खडूने खूण करतो. इथे?

आत्या: नाही. दुखतंय.

पान्या: इथे?

आत्या: ठीक वाटतंय. कर इथेच.

बाबा: इथे नाही.

आत्या: तू बोलू नकोस. आणि दारातून बाजूला हो, उजेड अडतोय.

बाबा: होतो. पण ताई, इथे केलं तर सपाटीला चालेल, चढाला गुडघा धरेल. तेव्हाही पहिली खूण इथेच केली होती आपण. तू घाईने ठीक म्हणालीस, मी नंतर ती पुसून आत घेतली. अजून बोटभर आत घे, पान्या.

पान्या: घेऊ, आत्या? परत यांचंच ऐकू?

आत्या: घे. तो म्हणतो तिथे.