गयामावशीचं लाल निशाण

सकाळी अकराची वेळ, जळकोटजवळचा कोरडा ओढा. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता आणि मी दुष्काळाची बातमी करायला गेलो होतो. होऊ घातलेल्या तलावाच्या मोजणीसाठी काठावर लाल निशाण रोवलेलं. शेळ्यांनी कापड खाऊ नये म्हणून गयामावशी तिथं राखणीला बसली होती.

इंजिनिअर मला म्हणाले, "गणितात हा नुसता बिंदू. तलाव भरला की पाणी या पातळीपर्यंत चढेल."

मावशीचं घर तर निशाणाच्या खाली होतं. मी भडकलो. "मावशी, घर बुडणार तुमचं. उपटून टाका ते."

"न्हाई रे बाबा. सून पोटुशी हाय, कोसभर पाण्याला जाती. घर काय, वर बांधू." मग ती हसली. "आमच्या मालकानं निजामाच्या वक्ताला झेंड्यापायी लई मार खाल्ला. मी तर नुसत्या शेळ्या हाकती."

पुढं कापड विटलं, तेव्हा तिनं आपल्या लुगड्याचा तुकडा बांधला.

तलावाचं काम काही सुरू होईना, म्हणून मी जुन्या-नव्या दोन्ही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत भांडलो. जुना म्हणाला नव्याला विचारा, नवा म्हणाला जुन्याला. मावशी गेली. तिचं घर अजून कोरडंच उभं आहे.