दाण्याची बादली

तुम्ही हसाल, पण नवापूरच्या आमच्या पोल्ट्रीत मी चमत्कार पाहिलाय. वादळात शेडचा पत्रा धाडकन वाजला आणि हजारभर कोंबड्या घाबरून एका कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या. खालच्या गुदमरणार, म्हणून मी त्यांना ओढून काढायला धावलो. बायकोने दंड धरला.

"पयू नका. तुम्ही पयनात ते त्या आखो दबतीन."

"पळालो तर आणखी दबतील, मग काय बघत बसू?"

ती दाण्याची बादली घेऊन रोजच्यासारखी दुसऱ्या टोकाला गेली आणि वाटीने बादली वाजवली. वर पत्रा आपटतच होता, तरी हजार माना एकदम वळल्या. ढीग उकलला, आणि पांढरं पाणी वाहावं तशा कोंबड्या तिच्याकडे निघाल्या. मी दारातच उभा.

आता घरात काहीही बिघडलं की मी आधी विचारतो, "बादली कुठंय?"