डावा डोळा आणि तळं

…आणि वर मलाच म्हणतात, "काका, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाला दिसत नाही त्याला आपल्याला दिसत नाही हे दिसणार कसं? नाही, तुम्ही हसा, हरकत नाही, आमच्या घरात आणि ऑफिसात मिळून दोन महिने हेच चाललंय. पण थोडं बसा, पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच ऐकलंत तर तुम्हालाही वाटेल की चूक माझीच. मी काय केलं हो? मी आपला थाळी सोडणारा माणूस.

थाळी म्हणजे जेवायची नव्हे. आमच्या तळ्याकाठी संशोधन केंद्र आहे, चार खोल्या, एक होडी आणि एक फ्रीज, त्या फ्रीजमध्ये चिखलाच्या बाटल्या ठेवतात म्हणून दूध ठेवायला बंदी. तिथे मी एकवीस वर्षं मदतनीस. काम काय, तर दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता होडीतून तळ्याच्या मध्यावर जायचं आणि एक पत्र्याची थाळी, अर्धी काळी अर्धी पांढरी, दोरीला बांधून पाण्यात सोडायची. दोरीला खुणा आहेत. थाळी खाली जाते, जाते, जाते… आणि दिसेनाशी झाली की थांबायचं, खूण बघायची, आकडा वहीत लिहायचा. पाणी स्वच्छ असेल तर थाळी खोलवर दिसते, घाण असेल तर लगेच गायब. संपलं शास्त्र. एवढ्यावर लोक डॉक्टर होतात, औषध न देणारे.

पण त्यात एक नियम आहे, आणि सगळी भानगड त्या नियमात आहे. डोळा एकच पाहिजे. म्हणजे माणूस एकच पाहिजे. आमच्या मोठ्या बाई, केंद्राच्या प्रमुख, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काका, प्रत्येकाची नजर वेगळी असते. आज तुम्ही, उद्या दुसरा, असं झालं तर तळं बदललं की माणूस बदलला हे कळणार नाही. तेव्हा थाळी कायम तुम्हीच सोडायची." मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं की हे काम तुमच्याशिवाय होणार नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग दळणही तुमच्याशिवाय होत नाही, ते आणा आधी."

तर पहिली बारा वर्षं थाळी अडीच मीटरपर्यंत दिसायची. कधी थोडी कमी, कधी थोडी जास्त, पण अडीच. मग हळूहळू आकडा उतरायला लागला. सव्वादोन. दोन. पावणेदोन. बाई काळजीत पडल्या. काठावर पलीकडे कापड रंगवायचा कारखाना आहे, त्याच्या मॅनेजरला बोलावलं. बिचारा सज्जन माणूस, घामाघूम होऊन सांगायचा, "अहो बाई, आम्ही नवीन काही सोडत नाही, जे आधी जात होतं तेच जातंय." बाई म्हणायच्या, "मग पाणी घाण कशाने होतंय, मी रंग टाकते?" त्याने शेवटी गाळणयंत्रणा बसवली, महागाची. आकडा तरीही उतरतोच आहे. दीड. सव्वा. मॅनेजर माझ्याकडे बघायचा, मी तळ्याकडे बघायचो. मी काय बोलणार, मी आपला थाळी सोडणारा माणूस.

आणि आता बोरूचं सांगतो, कारण खरा जीव तिथे अडकलाय. तळ्याच्या एका अंगाला बोरूचं रान आहे, माणसाच्या वर जाईल एवढं उंच. बाईंचं सगळं आयुष्य त्या बोरूत गेलं. त्यांचं म्हणणं, हे बोरू पाण्यातली घाण मुळांनी धरून ठेवतात, गाळतात, फुकट, रात्रंदिवस, सुट्टी न घेता. आता गावच्या समितीला तिथे पार्किंग करायचं होतं. समितीचा अध्यक्ष दर बैठकीत बाईंचाच आलेख बाईंसमोर धरायचा, "बाई, तुमचे बोरू गाळतायत तर रेघ खाली का चाललीय?" परत येऊन त्या खिडकीशी उभ्या राहायच्या, चहा गार व्हायचा. मला फार वाईट वाटायचं हो. मी गुरुवारी थाळी अगदी हळूहळू सोडायचो, थाळीला म्हणायचो, दिस गं, थोडी खाली दिस… नाही. मीटरभर गेली की गुडूप.

आकडा उतरायला लागला त्याच वर्षी एक यंत्र आलं होतं. गढूळपणा मोजायचं, पाण्यात बुडवलं की आकडा सांगतं. ते म्हणालं सात. पुढच्या गुरुवारी सात. महिनाभर सात, साडेसात, सात. माझा आकडा घसरतोय आणि हे आपलं सात. बाई म्हणाल्या, "यंत्र बिघडलंय." परत पाठवलं. कंपनीने पत्र दिलं, यंत्र ठीक आहे. पुन्हा सात. पुन्हा पाठवलं. तीनदा गेलं आणि तीनदा आलं ते यंत्र. शेवटी बाई म्हणाल्या, "काकांचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, हे यंत्र कालचं." ऐकून माझी छाती अशी फुगली की होडीत मावेना. पण बंद ठेवलं तर गंज चढेल म्हणून हुकूम निघाला, बिघडलेलं यंत्र दर गुरुवारी चालवायचं, आकडा पक्क्या वहीत लिहायचा नाही, कच्च्या वहीत लिहायचा. लिहिला. नऊ वर्षं लिहिला. सात, सात, साडेसात.

घरी वेगळंच चाललं होतं. बायको म्हणायची, "अहो, डोळे दाखवा." मी म्हणायचो डोळ्यांना काय झालंय, वर्तमानपत्रवाले शाई कमी वापरतात हल्ली. "अहो, जिन्यातला दिवा चालू आहे." मी म्हणायचो दिवेही हल्ली तसलेच येतात. मग एक दिवस मी दारामागच्या खुंटीवर टांगलेल्या रेनकोटला म्हणालो, "उभे का, बसा ना." बायकोने चपला घातल्या आणि मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरने बॅटरी मारली. मग म्हणाला, "तुम्ही काम काय करता?" मी म्हटलं, बघायचं काम करतो. तो म्हणाला, "कशाने?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले, आठ-नऊ वर्षं वाढत आलेले. आधी उजवा काढू म्हणाला, दीड महिन्याने डावा. उजवा काढला. दोन गुरुवार माझी रजा होती, तेव्हा वहीत दोन रेघा कोऱ्या, कारण दुसऱ्याचा डोळा चालत नाही ना.

तिसऱ्या गुरुवारी होडी काढली. थाळी सोडली. एक मीटर, दिसतेय. दीड, दिसतेय. दोन… मला वाटलं दोरी अडकली. अडीच मीटरला जाऊन मग ती नाहीशी झाली. मी पुन्हा केलं, चारदा केलं. मग होडी काठाजवळ उथळात आणली आणि वाकून बघितलं तर खाली तळ, तळावर गोगलगायी चालल्यात, बोरूच्या मुळांतून बोटाएवढे मासे फिरतायत, एकेक खवला मोजून घ्या. तुम्हाला सांगतो, मी होडीत बसून रडलो. नऊ वर्षं मी या तळ्याची बदनामी केली. ते बिचारं होतं तिथेच, होतं तसंच, आणि मी दर गुरुवारी जाऊन त्याच्याबद्दल वाईट लिहून आलो.

पण वहीत लिहिलं, अडीच. नियम आहे. बाईंनी वही बघितली, चष्मा काढला, पुसला, परत बघितली. "काका… बोरूंनी करून दाखवलं." मी म्हटलं, बाई, ते माझ्या डोळ्याचं… "हो हो, तुमच्याच डोळ्यासमोर झालं सगळं, तुमचाही वाटा आहे यात." म्हटलं, तसं नाही, ऑपरेशन… "आता ऑपरेशनचा विचार करू नका, विश्रांती घ्या." सोमवारी समितीची शेवटची बैठक होती, त्यात पार्किंगचा निकाल. बाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा गुणगुणत होत्या हो. त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "गप्प बसा. बोरू वाचतात ना? मार्चमध्ये निवृत्त होताय, कशाला विस्तवावर पाय ठेवता."

बसलो असतो गप्प. खरंच बसलो असतो. पण शुक्रवारी तो कारखान्याचा मॅनेजर आला, हसत हसत, आल्या आल्या माझा हात धरला, "थाळीवाले, उपकार झाले तुमचे. पाणी एकदम स्वच्छ झालं म्हणे. मग आता आमची ती गाळणयंत्रणा बंद केली तर चालेल ना, वीज फार खाते. बाईंकडून तेवढी सही घ्यायला आलोय." आणि बाई सहीसाठी पेन शोधतायत.

तिथे माझ्याने राहवलं नाही. मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, बाई, पाणी स्वच्छ झालेलं नाही, मी झालोय.

पुढची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. मोतीबिंदूचं सगळं सांगून टाकलं एवढं खरं. बाई खुर्चीत बसल्या. मॅनेजर मात्र हळूहळू लाल होत गेला, "म्हणजे नऊ वर्षं… मी… तुमच्या मोतीबिंदूपायी…" पुढचं तो बोलला नाही, सज्जन आहे. बाई म्हणाल्या, "आता माझ्याकडे काहीच नाही, काका. एकही खरा आकडा नाही." तो आवाज ऐकवेना. मी कपाट उघडलं, मागून ती कच्ची वही काढली, बिघडलेल्या यंत्राची, आणि त्यांच्यापुढे ठेवली. सात. सात. साडेसात. नऊ वर्षं.

बाईंनी शनिवार-रविवार त्या वहीवर घालवले. आणि निघालं काय, तर या नऊ वर्षांत कारखाना दुप्पट झाला, वस्ती दुप्पट झाली, सगळ्यांची घाण त्याच तळ्यात, आणि पाणी जसंच्या तसं. बोरूंनी आणि त्या गाळणयंत्रणेने मिळून धरून ठेवलं. सोमवारी समितीत बाईंनी सांगितलं. अध्यक्ष म्हणाला, "म्हणजे बोरूंमुळे झालं काय?" बाई म्हणाल्या, "काही झालं नाही." "मग फायदा काय?" "काही झालं नाही, हाच फायदा." तो म्हणाला, हे काही समजलं नाही. तेव्हा मॅनेजर उठला, मला वाटलं आता हा आमचा सूड घेणार, तर म्हणाला, "मला समजलं. माझी नऊ वर्षं गेलीत यात, बोरूंना हात लावायचा नाही आणि माझी गाळणी बंद व्हायची नाही." पार्किंग बारगळलं. बाई माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, सुटलो.

सुटतो कसला. मंगळवारी बाई म्हणाल्या, "काका, ते जुने आकडे दुरुस्त करता येतील. तुमचा उजवा डोळा नवा आहे, डावा अजून जुनाच आहे ना?" म्हटलं, आहे, पण पंधरा तारखेला काढतायत. बाईंचा चेहराच उतरला. "काढू नका हो. दर गुरुवारी एकदा उजव्याने बघायचं, एकदा डाव्याने. किती फरक पडतो ते पुढच्या सप्टेंबरपर्यंत सगळ्या ऋतूंत मोजू. असा डोळा पुन्हा मिळायचा नाही." तेव्हापासून मी एका डोळ्याने स्वच्छ आणि एकाने धुक्यात हिंडतोय, चहा कपाच्या शेजारी ओततोय, जिन्यात नसलेली पायरी उतरतोय. डॉक्टरला फोन केला तर तोही म्हणाला, वर्षभराने काही बिघडत नाही, आकडे मलाही पाठवा.

परवा तळ्याकाठी पाटी लागली, अभ्यास पूर्ण होईपर्यंत खालील यादीतलं काहीही काढायला सक्त मनाई. बायको फिरायला आली होती, तिने वाचली, मोठ्याने. "गाळ. बोरू. मासे. गोगलगायी. निरीक्षकाचा डावा डोळा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, तुम्हाला गोगलगायींच्या खाली घातलंय."

मी म्हटलं, अगं नीट वाच, मला नाही, नुसत्या डोळ्याला घातलंय. मी मार्चमध्ये निवृत्त होतोय. डोळा तेवढा सप्टेंबरपर्यंत नोकरीत आहे.