ओढणारी मोटर, पळणारी मोटर

आई: ...मग घरभर असा वास सुटला, जावईबापू, मला वाटलं आपण गॅसवर काहीतरी विसरलो. बघते तर ट्रकमधून धूर!

जावई: मोटर पार जळलीय, आई. बाबांनी लादलं काय होतं हिच्यावर?

आई: कुकर.

जावई: रिकामा?

आई: भरलेला. त्याच्या मागे पाण्याचा जग. आणि वर आजचा पेपर, घडीसुद्धा न मोडलेला.

जावई: आई, हे रिमोटचं खेळणं आहे. पडल्या पडल्या त्यांना करमावं म्हणून मी आणून दिलं होतं.

आई: करमतंय की! झक्कास करमतंय. पाठीला उशा, पोटावर रिमोट. ट्रक स्वयंपाकघरात येतो, माझ्या घोट्याला धडकतो, आणि आतून आवाज येतो, "माल भर गं!" मी बायको आहे की हमाल? हसू नका. हे सगळं तुमचं पाप आहे.

जावई: बरं, माझं पाप. नवी मोटर घालून देतो, दणकट. कसं असतं आई, आत तारेचे वेढे असतात. जास्त वेढ्यांची मोटर हळू फिरते, पण ओढते. कुकर काय, तुमची शिलाई मशीन लादली तरी मुकाट्याने नेईल.

आई: आणि कमी वेढ्यांची?

जावई: ती पळणारी. शर्यतीच्या हलक्या गाड्यांना घालतो आम्ही. वजन टाकलं की मात्र धापा टाकते, तापते, आणि नवीन कंट्रोलर असला तर तो तिला बंद करून टाकतो. थंड झाली की पुन्हा चालू. म्हणजे जळत नाही, नुसती रुसते.

आई: रुसते ते किती लांब जाऊन?

जावई: ते वजनावर आहे. का हो?

आई: डबा आणि पाण्याचा जग असला, तर पॅसेजच्या मध्यापर्यंत येईल?

जावई: येईल बहुतेक. आई, तुमच्या मनात काय चाललंय?

आई: ती रुसणारी घाला.

जावई: बाबांना फसवायचं?

आई: हाड जुळून गेलंय हो. डॉक्टरांनी फोटो दाखवला, मला कळलं म्हणजे बघा किती छान जुळलंय. म्हणाले, आता चालले नाहीत तर पाय चालणं विसरतील. आणि वॉकर कोपऱ्यात उभा. मी त्याच्यावर टॉवेल वाळत घालते. मी विनवण्या केल्या, भांडले, तुमची बायको येऊन रडून गेली. यांचं एकच, "उद्या बघू." का उठतील? सगळं पलंगाशी येतंय. महाराजांचा दरबार!

जावई: आणि पडले तर?

आई: पॅसेजला दोन्ही बाजूंनी भिंत आहे. आणि मी दाराआड असेन.

जावई: बाबांची अख्खी हयात ट्रक चालवण्यात गेली. मोटर कसली आहे ते आवाजावरून ओळखतील.

आई: ओळखू दे. भांडायला तरी उठतील.

(काही दिवसांनी. बाबा पलंगावरून जावयाशी फोनवर बोलत आहेत. आई स्वयंपाकघरात.)

बाबा: अहो जावईबुवा, ही कसली मोटर घातलीत? रिकामी सोडली की चोर मागे लागल्यासारखी पळते आणि वळणावर उताणी पडते. जरा माल भरला की घरघर लागते आणि पॅसेजमध्ये उभी! आत्ता तिथेच उभी आहे, माझं जेवण घेऊन.

जावई: माल जास्त होत असेल, बाबा. दोन खेपा करून बघा.

बाबा: तेवढी अक्कल मला आहे. काल केल्या दोन खेपा. तर तुमच्या सासूबाईंनी आज डबाच पितळेचा काढला.

आई: स्टीलचे घासायला पडलेत!

बाबा: ऐकलंत? कान बघा! अगं, तो ट्रक जरा इकडे ढकल की!

आई: माझे हात पिठात आहेत!

बाबा: सकाळपासून पिठात आहेत. पंगत बसायची आहे का आपल्याकडे?

जावई: मोटर थंड होऊ द्या बाबा, चालेल.

बाबा: चालेल आणि हातभर जाऊन पुन्हा बसेल. मला शिकवता? भरल्या गाडीने चढ चढताना टॉप गिअर टाकतं का कुणी? तुम्ही हिला टॉप गिअरलाच बांधून ठेवलीय. एवढं दुकान चालवता, हे चुकून झालेलं नाही.

जावई: बाबा, मला सासूबाई एकच आहेत.

बाबा: हात्तिच्या! म्हणजे कट आहे.

जावई: संध्याकाळी येतो. ओढणारी घालून देतो.

बाबा: थांबा. ती ऐकत नाही ना... नाही, भांडी आपटतेय. तुम्हाला म्हणून सांगतो. मी उठलो होतो. ती बाजारात गेली होती तेव्हा. वॉकर धरला, एक पाऊल टाकलं, आणि तो पाय माझा नव्हताच हो. ब्रेक दाबावा आणि पेडल सरळ तळाला जावं, तसं. गेलंय कधी तुमचं पेडल तळाला?

जावई: नाही, बाबा.

बाबा: जाऊ नये.

जावई: मग?

बाबा: मग काय, बसलो. रिमोट घेतला.

जावई: तुमच्या ट्रकचे ब्रेक गेले होते, त्यानंतर तुम्ही पुन्हा ट्रक चालवलात की नाही?

बाबा: चालवला. दुसऱ्याच दिवशी. मालक उरावर बसला होता.

जावई: आता मालकीण बसलीय.

बाबा: कळलं, कळलं. वकिली पुरे. हा फोन मी स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवतोय. तिकडून बंद करू नका. धाडकन आवाज आला तर निघा.

जावई: बाबा? आत्ताच नको, मी येईपर्यंत थांबा... बाबा?

आई: कसला खडखडाट चाललाय... अगंबाई! अहो थांबा, मी येते!

बाबा: तिथेच थांब! हात पिठात आहेत ना तुझे?

आई: नाहीत.

बाबा: माहितेय मला. दारातून बाजूला हो, उजेड अडतोय.

आई: आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय. डॉक्टर म्हणाले होते.

बाबा: क्लीनरगिरी करू नकोस. गाडी कोण चालवतंय?

आई: तुम्हीच. भिंतीला धरा हो जरा.

बाबा: धरलीय. घाम बघ किती आला. हा ट्रक मधोमध कुणी लावला?

आई: उचलते.

बाबा: राहू दे. बाजूने काढतो. बंद पडलेल्या गाड्यांच्या बाजूनेच जन्म गेला माझा.

आई: सावकाश... अजून एक... आलात. आलात हो!

जावई: हॅलो! आई! काय झालं? कुणीतरी बोला!

बाबा: बोंबलताहेत बघ तिकडे.

आई: बोंबलू दे. खुर्ची ओढू?

बाबा: नको. उभा राहतो जरा. खिडकी उघड.

आई: ही घ्या.

बाबा: समोरच्यांनी फाटक रंगवलं?

आई: हो.

बाबा: कधी?

आई: झाले बरेच दिवस.

बाबा: मला कुणी सांगितलं नाही.

आई: सांगण्यासारखं काय आहे त्यात? रंग तर बघा.

बाबा: भिकार आहे.

आई: मग उद्या जाऊन सांगा त्यांना.