बटण दाबायचं आणि चहा टाकायचा

...आणि वर चिरंजीव मलाच विचारतात, "बाबा, तुमचं नक्की म्हणणं काय?" आता माझं म्हणणं काय असणार हो? सातवीला दोनदा बसलेला माणूस मी, जन्मभर लोकांच्या मोऱ्यांतले नळ दुरुस्त केले, मला कॉम्प्युटरबद्दल म्हणणं असतं का? पण तुम्हाला सांगतो, होतं! होतं, पण सांगता येत नव्हतं, तिथंच तर घोडं अडलं... थांबा, नीट सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा गळका आहे.

घरात एक कॉम्प्युटर. चिरंजीवांनी नोकरीला लागल्यावर घेतलेला. मग ते वेगळ्या घरी गेले तेव्हा बायको नेली, कपाट नेलं, माझी चांगली गादीसुद्धा नेली, हा मात्र आम्हाला ठेवला, "तुम्हाला उपयोगी पडेल" म्हणून. खोकं असं पिवळं पडलंय की माझे दात शेजारी ठेवले तर कुठलं काय ते ओळखू येऊ नये. आणि सुरू व्हायला? अहो, बटण दाबलं की आधी आत कुणीतरी खाकरतं, मग पंखा घरघरतो, मग पडद्यावर एक रेघ येते, ती जरा विचार करते, जाते, परत येते... तोवर माणसानं काय करायचं? आमचं ठरलेलं. बटण दाबायचं आणि चहा टाकायचा. चहा उकळतो, गाळतो, समोरासमोर बसून पितो, कप विसळून होतात, तेव्हा कुठं साहेब जागे होतात आणि आमची ही पत्त्यांचा डाव मांडते. एकटीचा डाव. त्यात एकदा शिरली की घराला आग लागली तरी म्हणेल, थांबा, एवढा राजा सरकवते.

आता ही कोण, तर टेलिफोन एक्स्चेंजमधली बाई. उभं आयुष्य जगातल्या बोलघेवड्यांना एकमेकांशी जोडून दिलं आणि घरी आली की तोंडाला कुलूप. मी बडबड्या, ती मुकी, संसार झकास चालला, तक्रार नाही. पण ती रेघ विचार करत असते ना, तेवढ्या वेळात ही बोलते! काय बोलते? काहीही. स्वप्नात कोण आलं, गुडघा नेमका कुठं ठणकतो, कुठल्या दोघांचं लग्न हिनं चुकीचा नंबर जोडल्यामुळं जमलं... आणि तुम्हाला सांगतो, तेवढा वेळ मी गप्प असतो. मी! आता हे पोराला कसं सांगू? की बाळा, तुझी आई माझ्याशी बोलते ती हा मुडदा उठेपर्यंतच?

चिरंजीव आले आणि त्यांनी निकाल दिला, "बाबा, हे भंगारात. नवा घेऊ या, बोट लावलं की चालू." मी पेपर पुढ्यात ओढला. म्हटलं, घाई काय, चालतोय की. आणि इथं माझी खोड आडवी आली. माऊसच्या पोटाला तो लाल डोळा असतो ना, त्याच्यावर मी हळूच चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला, नुसती मजा हो! तो बिचारा माऊस घासतोय, झटकतोय, फुंकर मारतोय... मी पेपराआड. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण शेवटी म्हणाला काय? आता माऊसही गेला, बास, नवाच आणायचा! स्वतःच्या पायावर धोंडा, तोही चिकटपट्टीनं. तो गेल्यावर मी गुपचूप तुकडा सोलून काढला.

मग बोलावला दुरुस्तीवाला. त्याला मी डॉक्टर म्हणतो, कारण तो खोक्याला कान लावतो, बोटानं ठोकतो आणि घरच्यांकडे असं बघतो, की वाटावं आता नातेवाइकांना कळवायची वेळ आली. तो म्हणाला, "काका, टाकू नका. आतली डिस्क बदलू, मेमरी वाढवू, काढेल अजून काही वर्षं." चिरंजीव म्हणाले, नाकापेक्षा मोती जड. झाली जुंपली! एक म्हणतो जुन्याला ठिगळं किती लावायची, दुसरा म्हणतो धडधाकट पेटी फेकवत नाही. हिला विचारलं तर डावावरची नजर न काढता म्हणते, "तुम्ही ठरवा."

मग मी प्लंबरचं डोकं लावलं. गंजलेल्या पाइपाला कितीही चकचकीत नळ लावा, पाणी येणार ते पाइपाच्याच मर्जीनं. म्हणजे खोकं जुनं राहिलं की खाकरणं तेच, रेघ तीच, चहा तोच! मांडीवर थाप मारून म्हटलं, डॉक्टर, करा ऑपरेशन. चिरंजीव बघतच राहिले, बाबांना एवढं कधीपासून कळायला लागलं! मला काय माहीत, मी स्वतःचंच पाणी तोडतोय ते?

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं... बटण दाबायचं आणि चहा टाकायचा. बटण दाबलं, ओट्याकडे वळलो, पातेल्याला हात लावला आणि मागून आवाज, टिंग! चालू! अहो, पातेलं अजून कोरडं होतं! खाकरणं नाही, रेघ नाही, काही नाही. नळ बदलल्यावर पाइप सुधारला, हे मी जन्मात बघितलं नव्हतं. ही लगेच डावावर. मी चहा नेऊन ठेवला, त्यावर साय धरली. विचारलं, स्वप्न पडलं का काही? "हं." गुडघा? "हं." रोज हेच. कप दोन आणि बोलणारा एक, आणि तुम्हाला सांगतो, मला माझ्याच बडबडीचा कंटाळा आला. विचार करा काय दशा झाली असेल!

मग काय, खोड जाते का? एका सकाळी टेबलाखाली शिरलो आणि भिंतीवरचा खटका बंद करून ठेवला. हिनं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. म्हटलं, जुनं मशीन, वेळ लागायचाच. ही बसली, चहा आला आणि गुडघ्यापासून सुरुवात झाली... वा! कप रिकामे झाले की माझ्या हातून चमचा पडायचा, मी वाकायचो, खटका चालू, ही परत बटण दाबायची, टिंग. रोज चमचा पडायचा. ही एकदा तरी म्हणाली का, की अहो, हाताला काय झालंय? नाही.

एके दिवशी मात्र मला उशिरा जाग आली. ही आत दात घासत होती. धडपडत टेबलाखाली शिरलो, खटक्याला हात घातला, तर तो आधीच बंद! आदल्या संध्याकाळी ही खेळत होती, म्हणजे चालू होता. आणि घरात माणसं दोन, त्यातला एक मी... चोरावर मोर! उलटा सरकत बाहेर येतोय, तर शेजारी हिची पावलं. आणि वरून तो एक्स्चेंजमधला आवाज, तसाच गोड, तसाच कोरडा, "कृपया प्रतीक्षा करा."

आता चमचा कुणाच्याच हातून पडत नाही. पडला तरी वाकणार कोण, गुडघे दोघांचेही दुखतात. चिरंजीव फोनवर विचारतात, काय बाबा, आता पळतो ना? काय सांगू त्यांना? नवी डिस्क घातली, नवी मेमरी घातली, आणि आमचा कॉम्प्युटर हल्ली दुपारपर्यंत सुरूच होत नाही. नशीब एकेकाचं... बटण दाबायचं आणि चहा टाकायचा.