पट्टा बदलायचा की नाही

माझा जन्म दोडामार्गाकडचा, आणि लग्न होऊन आले ती पेडण्यात, चोपड्याला, नदीच्या काठाला, पण काठावर राहिले कुठे, आमचे हे पाळी गावाला मायनिंगच्या ट्रकावर होते तर आम्ही तिथंच खोली घेऊन राहिलो, पंधरा वर्षं, धुतलेले कपडे वाळत घातले की खाणीच्या धुळीनं लाल, जनेल, म्हणजे खिडकी उघडली की घर लाल. गाडी चालवायला मी तिथंच शिकले. रविवारी ट्रक बंद असायचे, ह्यांनी कुणाची तरी जीप मागून आणली नि मोकळ्या पटांगणात म्हणाले, बस गो. बसले. शेजारच्या बायका हसायच्या, हिला काय ट्रकावर जायचंय. ह्यांनी का शिकवलं ते ह्यांनाही ठाऊक नसेल.

मागीर खाणी बंद पडल्या, आम्ही चोपड्याला परत आलो, एक जुनी डिझेल व्हॅन घेतली, हे टुरिस्टांना फिरवायचे, वास्कोला स्टेशनावर न्यायचे, बरं चाललं होतं. मग ह्यांचे पाय सुजायला लागले. आधी म्हटलं बसून बसून सुजत असतील. डॉक्टर म्हणाले किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. जवळ कुठं जागा नव्हती, डिचोलीत मिळाली, तर स्टेअरिंगवर मी बसले आणि हे बाजूच्या सीटवर. गावातली पार्वतीमावशी, जन्मभर मासे विकले तिनं, तिलाही तेच दुखणं, तिला घेतलं. वाटेवर एक रिटायर मास्तर, त्यांना घेतलं. सोम, बुध, शुक्र, तीन पेशंट नि मी.

तर तो बुधवार. अस्नोडा सोडून पुढं चढ आहे, एक घर दिसत नाही तिथं, आणि काटा लालात गेला. बॉनेटमधून वाफ. थांबले. हे म्हणाले झाकण उघडू नको, थंड होऊ दे. अर्धा तास रस्त्याकडेला उभे, इथं ह्यांची मशीनची वेळ जातेय. मागच्या कॅनमधलं पाणी रेडिएटरात ओतलं, पुरलं नाही. आणि आता ऐका, ह्या तिघांनाही पाणी मोजून प्यायचं असतं, दिवसाचं ठरलेलं, तेवढीच बाटली सोबत. मास्तरांनी आपली बाटली पुढं केली. ह्यांनी दिली. पार्वतीमावशीनं आपली छातीशी धरली क्षणभर, मग दिली आणि म्हणाली, मी घोटाघोटान पिता आणि ही बया बघ कशी घटाघटा पिता. आम्ही हसलो, पण माझ्या डोळ्यात पाणी आलं. कशीबशी पोचले. त्या दिवशी तिघांनाही मशीनवर दोन तासच मिळाले, पुढचे पेशंट आले होते. गुरुवारी ह्यांना धाप लागत होती, मी बघत होते.

गाडी मोठ्या गॅरेजात नेली. त्यांनी ढिली झालेली पाण्याची नळी घट्ट केली, मीटर बघितलं, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर, नि हातात यादी दिली. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचा पट्टा, वॉटर पंप, इंजिन आतून धुवायचं औषध, इंजेक्टर साफ करायचे, जुन्या इंजिनात घालायचं आणखी कसलं औषध, इंजिनाखालची रबरं. मेकॅनिक म्हणाला, बाई, एवढं चाललेल्या गाडीला हे लागतंच. म्हटलं ह्यातलं आज नाही केलं तर काय होईल? तो म्हणाला सांगता येत नाही. हे ऐकून माणूस काय करणार हो? मी यादी घेऊन घरी आले. पेज ढवळता ढवळता यादी, भांडी घासताना यादी. गाडी सुरू केली की कान इंजिनाकडे, टायर खड्यावरून गेला तरी काळजात धस्स.

ह्यांनी यादी वाचली नि बाजूला ठेवली. म्हणाले काही नको करू, नळी घट्ट केलीय ना, चालेल तेवढी चालेल. मी म्हटलं आणि नाही चालली तर? तर म्हणाले, गाडी जुनी, मीही जुना, ह्या एका माणसासाठी तिच्यावर किती घालवणार तू? मला असा राग आला. चार दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही, चहा ठेवायचा नि वळायचं. पुढच्या शुक्रवारी गाडीत सगळे गप्प. मावशीनं विचारलं काय झालं, तर मी सगळं सांगून टाकलं, ह्यांच्यादेखत. मावशी पुढं वाकली नि ह्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, तुका मराचा आसात तर मर रे बाबा, पण माका सोमवारी मशीनीर जावचा आसा. मास्तर खिडकीबाहेर बघत होते, हसण्यानं त्यांचे खांदे हलत होते.  

शनिवारी गाडी मोहनभावजींकडे नेली. ते पाळीला खाणीच्या वर्कशॉपात होते, ह्यांचे जुने सोबती, आता डिचोलीत स्वतःचं छोटं गॅरेज. त्यांनी यादी वाचली, खाली वाकून बोट फिरवलं, ओलं बोट मला दाखवलं. वैनी, पंप गळतोय. पंप अडकला तर पट्टा तुटणार, पट्टा तुटला तर ह्या इंजिनात आतलं सगळं एकमेकांवर आपटणार, मग गाडी भंगारात. पंप, पट्टा नि त्याची पुली, हे तिन्ही एकदमच करायचं. आणि ते धुवायचं औषध? म्हणाले ते मुळीच नको, इतक्या वर्षांचा गाळ सुटून तेलाची वाट अडवली तर नसतं दुखणं, त्यापेक्षा तेल वेळेवर बदला. इंजेक्टर? धूर काळा नाही, ॲव्हरेज बरं आहे, राहू दे. रबरं? गाडी थरथरली तर बघू.

दोन दिवसांचं काम, रविवारीही ते बसले. संध्याकाळी जुना पट्टा माझ्या हातात ठेवला, वाकवला तर आतून बारीक भेगा. मी विचारलं भावजी, खरं सांगा, तुटला असता? म्हणाले अजून दहा हजार किलोमीटर चालला असता, नाहीतर उद्या अस्नोड्यापर्यंतही पोचला नसता, मी काय सांगू. म्हणजे बघा, मी बरोबर केलं की घाबरून केलं ते मला आजही ठाऊक नाही. न तुटलेल्या पट्ट्याचं कोण काय सांगणार? काट्याकडे अजून बघते मी, चढ आला की बघतेच.

सोमवारी परत येताना, मागे दोघं झोपलेली, ह्यांनी अचानक विचारलं, नवा पट्टा किती चालतो म्हणाला मोहन? म्हटलं साठ हजार. मग बोटांवर काहीतरी मोजलं, आम्ही आठवड्याला दोनशे किलोमीटर करतो, तेच मनात चाललेलं असणार. म्हणाले सहा वर्षं होतात, तेव्हा मी सदुसष्टचा. मी रस्त्याकडेच बघत राहिले, मान वळवली असती तर गाडी चालवता आली नसती. मग म्हणाले, तेव्हासुद्धा मोहनाकडेच ने, दुसऱ्या कुणाकडे टाकू नको.

बरं, उठते आता, आज बुधवार, मावशी दारात येऊन उभी असेल, एक मिनिट उशीर झाला तर शिव्या घालील. तुम्ही म्हापशापर्यंत बसा, मागं जागा आहे. माझं एवढं ऐकलंत, लिहून घेतलंत, देव तुमचं बरं करो, आणि तुमची गाडी कधी वाटेत थांबू नये.