पाळकसाहेबांची पाठ

मनाच्या डॉक्टरांकडे शिंपीमामा नंबर लावून बसले होते, कारण महिनाभर त्यांना झोप नव्हती. समोर चर्चचे पाळकसाहेब. त्यांचा झगा मामांनीच शिवलेला, त्यामुळे दोघंही ओळख न दाखवता भिंतीकडे बघत होते. तेवढ्यात एक आजी आत आल्या.

“अगंबाई, पाळकसाहेब! इथे?”

“हळू बोला, आजी.”

“पण दुखतेय तर तुमची पाठ ना? तीन रविवार अख्खी मंडळी पाठीसाठी प्रार्थना करतेय. माझे गुडघे गेले त्यात!”

“पाठ ठणठणीत आहे.”

“म्हणजे गुण आला!”

“ती दुखतच नव्हती, आजी. सकाळी उठावंसंच वाटत नाही. उपदेशाला उभं राहिलं की रडू येतं.”

“आणि आम्ही म्हणतोय, काय मनापासून बोलतात!”

“तुम्ही कशा इथे?”

“सहा वर्षं येतेय. सगळ्यांना सांगते, दाताच्या डॉक्टरकडे जाते.”

“तुमची तर कवळी आहे.”

“मग काय सांगू? तुम्हीच म्हणालात ना, विश्वास असेल तर मनासाठी गोळ्या कशाला?”

“चुकलं माझं.”

“चुकलंच. येत्या रविवारी कशासाठी प्रार्थना करू? पाठीसाठी?”

पाळकसाहेबांनी एकदा शिंपीमामांकडे बघितलं.

“मनासाठी. माझं नाव घेऊन, मोठ्यानं.”

“बघा हं, माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.”

“जाऊ दे.”

कंपाउंडरनं पाळकसाहेबांना हाक मारली.

“आजी, आत येता माझ्याबरोबर? पहिलीच वेळ आहे.”

“चला. पण तिथे उपदेश करू नका, डॉक्टरांना वेळ कमी असतो.”